कॉन्व्हर्सेशन्स विथ टायलर: प्रश्न अव्वल, पाठपुरावा कच्चा

आपल्याकडच्या प्रकट मुलाखतीचा साचा ठरलेला आहे. शाल, श्रीफळ, परिचयाची दोन पानं आणि मग "आपला हा प्रवास कसा सुरू झाला?" पाहुण्याने हे उत्तर आजवर ढीगभर व्यासपीठांवर दिलेलं असतं. कुठे थांबलं की टाळी पडते, हेही त्याला पाठ असतं. या साच्याला कंटाळलेल्यांसाठी 'कॉन्व्हर्सेशन्स विथ टायलर' हा अमेरिकी पॉडकास्ट चांगला उतारा आहे. मात्र तो कडू आहे आणि मात्रा चुकली तर लागू पडत नाही.

मुलाखतकार टायलर कॉवेन हे व्हर्जिनियातल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात अर्थशास्त्राचे प्राध्यापक आहेत. पंधराव्या वर्षी ते न्यू जर्सी राज्याचे बुद्धिबळ विजेते होते. अॅलेक्स टॅबरॉक या सहकाऱ्याबरोबर ते २००३ पासून 'मार्जिनल रेव्होल्युशन' हा ब्लॉग चालवतात. पॉडकास्ट २०१५ मध्ये सुरू झाला आणि पहिले पाहुणे होते गुंतवणूकदार पीटर थील. पुढची पाहुण्यांची यादी कुठल्याच एका रकान्यात बसत नाही. बास्केटबॉलचे करीम अब्दुल-जब्बार, बुद्धिबळाचे गॅरी कास्पारोव्ह, टेनिसच्या मार्टिना नवरातिलोवा, चिनी स्वयंपाकावर लिहिणाऱ्या फ्युशिया डनलॉप, इथेरियम हे क्रिप्टो जाळं उभारणारे व्हिटालिक ब्युटेरिन, मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान हे सगळे येऊन गेले. आंध्रातल्या दलित कुटुंबात जन्मलेल्या, न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कंडक्टर असलेल्या लेखिका सुजाता गिडलाही आल्या.

बहुतेक भाग तासाभराचे असतात. सुरुवातीच्या काळातले काही भाग प्रेक्षकांसमोर झाले, ते जास्त लांब आहेत आणि त्यांच्या शेवटी श्रोत्यांचे प्रश्न आहेत. ऐकायला पैसे पडत नाहीत. प्रत्येक भागाची संपूर्ण ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे बोलण्याचा शब्दशः मजकूर, संकेतस्थळावर असते. बोलण्यात आलेल्या पुस्तकांचे, शोधनिबंधांचे, माणसांचे दुवे त्यात जागच्या जागी दिलेले असतात. माझ्या मते या उपक्रमातली सगळ्यात मोलाची वस्तू ही ट्रान्सक्रिप्ट आहे, ध्वनिफीत दुसऱ्या नंबरावर. त्याचं कारण पुढे येईलच.

कॉवेन यांच्या प्रश्नांची घडण नीट बघण्यासारखी आहे. पहिली गोष्ट, प्रस्तावना नाही. पाहुण्याची ओळख दोन-तीन वाक्यांत उरकते आणि पहिलाच प्रश्न मुद्द्याच्या मधोमध पडतो. दुसरी, प्रश्न आखूड असतो. आपले बरेच मुलाखतकार प्रश्न म्हणून स्वतःचं छोटेखानी भाषणच देतात आणि शेवटी "याविषयी काय सांगाल?" जोडतात. अशा वेळी पाहुणा त्या भाषणातला सोयीचा तुकडा उचलतो आणि मूळ प्रश्न हवेत राहतो. आखूड प्रश्नात लपायला जागा नसते. तिसरी गोष्ट तयारीची. पाहुण्याचं जवळजवळ सगळं लेखन वाचून कॉवेन बसतात, आसपासच्या विषयाचंही वाचतात आणि मग ज्या पुस्तकाच्या प्रसिद्धीसाठी पाहुणा आलेला असतो त्याला बगल देऊन त्याच्या कामातल्या कुठल्या तरी आडवळणावर प्रश्न टाकतात. पाठ केलेलं उत्तर तिथे उपयोगी पडत नाही. पाहुणा क्षणभर थांबतो, विचार करतो आणि ऐकण्याजोगं जे काही असतं ते त्या थांबण्यानंतर येतं.

या पद्धतीची किंमत श्रोता मोजतो. "तुमचं काम नेमकं काय आहे, ते सोप्या शब्दांत सांगा" हा प्रश्न इथे जवळपास येतच नाही. पाहुण्याबद्दल शून्य माहिती असेल तर पहिली दहा मिनिटं डोक्यावरून जातात. अनेक जण इथेच बंद करतात आणि हा पॉडकास्ट अवघड किंवा शिष्ट आहे असं ठरवून टाकतात. अवघड तो नाही, तो फक्त श्रोत्यासाठी थांबत नाही. कॉवेन उघडच सांगतात की हे त्यांना हवं असलेलं संभाषण आहे, श्रोत्यांना हवं असलेलं नव्हे.

दोन ठरलेले प्रकार मात्र बऱ्याच भागांत भेटतात. पहिला 'ओव्हररेटेड की अंडररेटेड'. कॉवेन एकेक नाव टाकतात, मग ते एखादं शहर असेल, लेखक असेल, खाद्यपदार्थ किंवा आर्थिक धोरण असेल. पाहुण्याने त्याची किंमत वाजवीपेक्षा जास्त धरली जाते की कमी, ते सांगायचं. नको असेल तर 'पास' म्हणायची मुभा असते. हा वरवर पोरखेळ वाटतो, पण त्यात खोच आहे. "हे तुम्हाला आवडतं का?" याला हो म्हणून सुटता येतं. इथे जगाचं मत काय आहे याचा अंदाज आधी बांधावा लागतो आणि मग आपण त्याच्या कुठल्या बाजूला आहोत हे सांगावं लागतं, तेही तयारीशिवाय. खेळ फसतो तो सांभाळून बोलणाऱ्या पाहुण्यांपाशी. मोठ्या कंपनीचे प्रमुख किंवा राजकारणातली माणसं सगळंच "योग्य तेवढं" ठरवून मोकळी होतात, तेव्हा तो भाग खुशाल पुढे ढकलावा.

दुसरा प्रकार म्हणजे पाहुण्याचं 'प्रॉडक्शन फंक्शन'. अर्थशास्त्रात याचा अर्थ कोणता कच्चा माल किती घातला की किती उत्पादन निघतं याचा हिशेब. माणसाला तो लावला की प्रश्न असा होतो: तुमच्याइतकीच हुशार आणि कष्टाळू माणसं पुष्कळ असताना तुमच्याकडूनच हे काम का झालं? इथे "मेहनत आणि आईवडिलांचे आशीर्वाद" हे उत्तर चालत नाही, कारण प्रश्नातच ते वजा केलेलं असतं. चांगल्या भागांत यातून अगदी रोजच्या गोष्टी निघतात. दिवसाची कुठली वेळ कशाला देतात, कोणती कामं सरळ नाकारतात, कुणाशी भांडून शिकले.

मराठी वाचकाने सुरुवात अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी यांच्या भागापासून करावी. तो नोबेलनंतर लगेचच्या काळातला आहे. बॅनर्जींचा जन्म मुंबईचा, वाढले कोलकात्यात. आई निर्मला याही अर्थशास्त्रज्ञ, माहेरच्या पाटणकर. या तासाभरात बोलणं कुठून कुठे जातं ते बघा. कारखानदारी पुरेशी वाढण्याआधीच ती उतरणीला लागण्याचा गरीब देशांचा प्रश्न, स्वतंत्र कायद्याने वसवायच्या नव्या शहरांच्या कल्पनेतला मुळातला कच्चेपणा, आज उत्तम शास्त्रीय संगीत कुठे होतंय, भारतातली सगळ्यात चांगली प्रांतिक खाद्यपरंपरा कुठली, बंगाली डावेपणाची मुळं, आईच्या कामाचा स्वतःच्या संशोधनावर झालेला परिणाम. फ्रेंच मिठाईपेक्षा भारतीय मिठाई करायला त्यांना का आवडते, तेही येतं. गरिबांवर प्रयोग करून धोरणं तपासणारा हा माणूस विचार कसा करतो, हे त्याच्या मिठाईच्या उत्तरातूनही कळतं, आणि अशी सांधेजोड होते तेव्हा हा पॉडकास्ट फॉर्मात असतो. श्रोत्याला इथे संदर्भ आधीच ठाऊक असतात, त्यामुळे वेगाचा त्रास होत नाही.

त्यानंतर अतुल गवांदे, २०१७. वडील आत्माराम यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे, अमेरिकेत जाऊन शल्यविशारद झालेले. मुलगाही शल्यविशारद आणि लेखक. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९ मुद्द्यांच्या शस्त्रक्रिया-यादीमागे अतुल यांचं काम आहे. रुग्णाला भूल देण्याआधी, कातडीला सुरी लावण्याआधी आणि रुग्ण शस्त्रक्रियागृहाबाहेर जाण्याआधी असे तीन थांबे घेऊन तपासायची ही यादी. मुलाखतीत आयबीएम कंपनीचं वॉटसन हे कृत्रिम बुद्धिमत्तेचं यंत्र आजाराचं निदान का करू शकणार नाही यावर बोलणं होतं, वैद्यकीय शिक्षणात काय सुटतं यावरही होतं. आयबीएमने वॉटसन हेल्थचा कारभार २०२२ मध्ये विकून टाकला, म्हणजे त्या यंत्रापुरता त्यांचा संशय फुकट गेला नाही. आज रुग्ण चॅटजीपीटीला लक्षणं विचारून मग दवाखान्यात येतो, तेव्हा त्या युक्तिवादातलं काय टिकलं आणि काय नाही हे ट्रान्सक्रिप्ट पुढ्यात घेऊन तपासण्यासारखं आहे. डॉक्टर वाचकांनी तर जरूर.

आता जिथे हा पॉडकास्ट कमी पडतो त्याकडे. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे मार्च २०२२ मधला सॅम बँकमन-फ्राइडचा भाग. तेव्हा तो एफटीएक्स या क्रिप्टो बाजाराचा तिशीतला मालक होता आणि त्याच्या अफाट संपत्तीचं, दानशूरपणाचं सगळीकडे कौतुक चाललं होतं. कॉवेन त्याला विचारतात: समजा एक खेळ आहे. ५१ टक्के शक्यता अशी की कुठे तरी दुसरी पृथ्वी तयार होईल, ४९ टक्के शक्यता की सगळंच नष्ट होईल. खेळशील? आणि दुप्पट किंवा शून्य या बोलीवर पुन्हा पुन्हा खेळत राहशील? पाहुणा एक अट घालतो आणि तयार होतो. कॉवेन म्हणतात, अशाने शेवटी काहीच उरणार नाही. तो म्हणतो, तसंच काही नाही, अतोनात मोलाचं काही हातीही लागू शकेल.

हा हिशेब कागदावर मांडून बघा. प्रत्येक डावात ०.५१ गुणिले २, म्हणजे सरासरी १.०२ पट. दहा डावांनंतर सरासरी जवळपास १.२२ पट होते. पण दहाच्या दहा डाव जिंकण्याची शक्यता म्हणजे ०.५१ चा दहावा घात. तो येतो सुमारे ०.१२ टक्के, ८४० मध्ये एकदा. सरासरी वर जाते आणि खेळणारा मात्र जवळपास नक्की बुडतो, कारण उरलेल्या ८३९ वेळा शून्य आलेलं असतं. सट्ट्यात घर घालवलेल्या माणसाला हे गणित कुणी शिकवावं लागत नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स कोसळली. ग्राहकांचे पैसे भलतीकडे वापरल्याचं उघड झालं, वर्षभराने ज्यूरीने त्याला दोषी ठरवलं आणि मार्च २०२४ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली. कोसळण्याच्या आठ महिने आधी त्याची अख्खी वृत्ती एका प्रश्नात उघडी पडली होती, हे कॉवेन यांचं श्रेय कुणी नाकारू नये. पण तिथून पुढची चर्चा तत्त्वज्ञानाच्या अंगानेच जाते. "मग तुझ्याकडे ठेवलेल्या दुसऱ्यांच्या पैशांचं काय?" हा तिथे सहज सुचणारा, रोखठोक, दुकानदारी प्रश्न पुढे येत नाही. हा अपघात नव्हे, पद्धतीचाच परिणाम आहे. तासाभरात पंधरा-वीस विषय घ्यायचे ठरवले की कुठल्याच विषयावर तिसरा प्रश्न विचारायला वेळ उरत नाही. पहिला प्रश्न उत्तर काढतो, दुसरा ते स्पष्ट करतो, उत्तर तपासलं जातं ते तिसऱ्यात. इथे तो तिसरा बहुतेक वेळा गाळलेला असतो. त्यामुळे पाहुण्याचं डोकं कसं चालतं हे समजून घ्यायला हा पॉडकास्ट फार चांगला, पण त्याने केलेले दावे खरे आहेत का हे ठरवायला अजिबात पुरेसा नाही.

तात्त्विक मतभेदातही गाडी अडते. २०२१ मधला तत्त्वज्ञ अमिया श्रीनिवासन यांचा भाग त्यासाठी ऐकावा. कॉवेन आकडेवारीच्या वळणाने प्रश्न टाकत राहतात आणि पाहुणी प्रश्नाच्या मांडणीलाच हरकत घेते. काहींना तो भाग तणावामुळे नकोसा वाटतो. मला उलट तो उपयोगी वाटतो, कारण पाहुण्याने खेळाचे नियम मान्य केले नाहीत तर कॉवेन यांच्या तंत्रात किती दम उरतो ते तिथे स्पष्ट दिसतं. उत्तर: फार नाही. २०२३ मध्ये कॉवेन यांनी चॅटजीपीटीला 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'चा लेखक जोनाथन स्विफ्ट बनवून त्याची मुलाखत घेतली. कुतूहल म्हणून दहा मिनिटं ठीक. उत्तरं व्यवस्थित, माहितीपूर्ण आणि चव नसलेली. अडखळणारं कुणी समोर नाही म्हटल्यावर आखूड प्रश्नांचा सगळा फायदा संपतो.

आणखी एक बाब माहीत असलेली बरी. पॉडकास्ट काढणारं मर्केटस सेंटर हे विद्यापीठाशी जोडलेलं, मुक्त बाजारपेठेच्या विचाराचं केंद्र आहे आणि उद्योगपती चार्ल्स कोक यांच्या संस्थांकडून त्याला मोठा निधी मिळत आला आहे. कॉवेन यांनी २०१८ मध्ये सुरू केलेल्या 'इमर्जंट व्हेंचर्स' या अनुदान योजनेला सुरुवातीचे १० लाख डॉलर थील फाउंडेशनने दिले, म्हणजे पॉडकास्टच्या पहिल्याच पाहुण्याच्या संस्थेने. यात लपवाछपवी काही नाही. पण सिलिकॉन व्हॅलीतल्या पाहुण्यांशी बोलताना सूर थोडा घरचा होतो तो का, याचा अंदाज यावरून येतो. कादंबरीकार, खेळाडू, इतिहासकार, स्वयंपाकी यांचे भाग म्हणूनच मला गुंतवणूकदारांच्या भागांपेक्षा सरस वाटतात. तिथे कॉवेन यांचं काहीच गुंतलेलं नसतं, असतं ते निव्वळ कुतूहल.

ऐकायचं कसं? सगळ्यात मोठं नाव बघून सुरुवात करू नका. थील यांच्या पहिल्या भागापासून तर मुळीच नको, तो नवख्याला फार अमूर्त वाटेल. आपल्या धंद्यातला किंवा छंदातला पाहुणा शोधा. स्वयंपाकात रस असेल तर डनलॉप, बुद्धिबळ खेळत असाल तर कास्पारोव्ह, जातीचा प्रश्न अमेरिकेत बसून कसा दिसतो ते हवं असेल तर गिडला. आधी ट्रान्सक्रिप्ट उघडा आणि पहिला पाव भाग नुसता चाळा. अनोळखी नावं दिसली की त्यांचे दुवे उघडून दोन-दोन ओळी वाचा. मग ऐका. वेग वाढवू नका. कॉवेन भराभर आणि सपाट सुरात बोलतात. त्यांचा प्रश्न कधी संपला आणि थट्टा कधी सुरू झाली हे सव्वापट वेगात कळत नाही. विनोद निसटला की पुढचं उत्तर विचित्र वाटतं. लोकलमध्ये ऐकणार असाल तर घरीच डाऊनलोड करून ठेवा. १२८ केबीपीएसची तासाभराची फाईल साधारण ५८ एमबी भरते, आणि बोगद्यात रेंज गेली की नेमका प्रश्न गळतो आणि उत्तर तेवढं कानी पडतं. ऐकून झाल्यावर ट्रान्सक्रिप्टमध्ये फक्त प्रश्न सलग वाचा, उत्तरं गाळून. मुलाखती घेणाऱ्यांसाठी, वार्ताहरांसाठी, नोकरीसाठी उमेदवार निवडणाऱ्यांसाठी याहून चांगला फुकटचा वर्ग माझ्या माहितीत नाही.

ज्यांना हा वेग मानवतच नाही त्यांच्यासाठी दुसरं टोक मुंबईत आहे. अमित वर्मा यांचा 'द सीन अँड द अनसीन' हा पॉडकास्ट, २०१७ मध्ये सुरू झालेला. वर्मा आधी क्रिकेटवर लिहायचे, मध्ये काही वर्षं व्यावसायिक पोकर खेळले. त्यांच्या गप्पा अनेकदा चार-पाच तासांच्या पुढे जातात आणि पाहुण्याच्या बालपणापासून सुरू होतात, म्हणजे आपल्या ओळखीच्या साच्यातच. फरक एवढाच की वेळ हाताशी असल्याने तिसराच काय, सातवा प्रश्नही विचारला जातो. लेखिका शांता गोखले यांच्याशी झालेल्या गप्पा तिथेच आहेत. माणूस पूर्ण समजून घ्यायचा असेल तर वर्मा, विचार करण्याची रीत झटपट बघायची असेल तर कॉवेन. पाल्हाळाचा राग असणाऱ्यांनी वर्मांच्या वाटेला जाऊ नये आणि पाहुण्याविषयी आधी दोन पानंही वाचायची तयारी नसेल त्यांनी कॉवेनच्या.

दरवर्षी अखेरीस कॉवेन आणि निर्माते जेफ होम्स मिळून वर्षभराच्या भागांची उजळणी करतात. कुठले चालले, कुठले पडले यावर मोकळेपणाने बोलतात. तो भाग प्रवेशद्वार समजून आधी ऐकू नका. वर्षातले निदान चार-पाच भाग पदरी असतील तरच त्यातली टोमणेबाजी कळते.